तिची वही मी लिहिली

एका मुलीसाठी घर शोधायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मिळू नये असं मनातून मलाच वाटत होतं. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्या माणसाशी कायमचं बोलणं टाकलं असतं.

हैदराबादेत विद्यानगरच्या एका बालगृहात मी शिकवते. ज्या मुलांना शाळा घेत नाही, ती माझ्या वर्गात. कुणाला अक्षरं, कुणाला चमचा धरायला, कुणाला नुसतं 'हो' आणि 'नाही' दाखवायला शिकवायचं. ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. जन्मताना मेंदूला इजा झालेली, त्यामुळे दोन्ही पाय ताठ, उजवा हात मुडपलेला आणि बोलणं जड. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा यायचा आणि ऐकणाऱ्याच्या हाती त्यातला निम्माच लागायचा. डोकं मात्र तल्लख. कुणाच्या डब्यात काय आहे, कोण कुणावर रुसलंय, सुपरिंटेंडेंट मॅडमनी आज कुणाला झापलं, सगळ्या बातम्या तिच्याकडे. तिचं बोलणं पुरतं समजणारी संस्थेत मी एकटी. आयम्मांना कामापुरतं समजायचं. आयम्मा म्हणजे मुलांची अंघोळ, कपडे, बाथरूम बघणाऱ्या बायका. बाकी सगळे तिचं वाक्य संपायच्या आत माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायची. त्या बघण्याची मला चटक लागली होती.

दत्तक घ्यायला येणाऱ्यांना बहुतेक करून बाळ हवं असतं, तेही चालतं-फिरतं. तिच्याबरोबरची लहान मुलं एकेक करून गेली आणि ही चौदाची झाली. दत्तकाच्या यादीत, कॉम्प्युटरवर, तिचा फोटो होता, माहिती होती, डॉक्टरांचा अहवाल होता. लोक फोटो बघायचे, अहवाल उघडायचे आणि पुढे जायचे. मॅडमचा जीव तुटायचा. अठरा पूर्ण झाली की तिला आमच्याकडे ठेवता येणार नव्हतं, मोठ्या बायकांच्या संस्थेत हलवावं लागणार होतं, आणि तिथं तिचं बोलणं समजून घ्यायला कुणाला सवड असणार? मीही मान हलवायची, चुकचुकायची. आणि आणखी एका घरानं नाही म्हटलं की त्या संध्याकाळी घरी जाताना बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावर थांबून एक प्लेट मिरची भजी खायची.

तिच्या तीन भाषा होत्या आणि तिन्हींची कामं वेगळी. वॉचमन आणि स्वयंपाकाच्या बाई दखनी उर्दू बोलायच्या, म्हणून भांडण आणि चेष्टा दखनीत. आयम्मा साऱ्या तेलुगू, म्हणून अंगाचं सगळं तेलुगूत. भूक, दुखणं, पाळी, बाथरूम. आणि मराठी माझी. मराठी तिला शिकवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची मराठी म्हणजे उदगीरकडची, आजोबांनी नोकरीसाठी इकडं येताना आणलेली आणि तीन पिढ्या हैदराबादच्या पाण्यात भिजलेली. तिच्यात 'हौ' आहे, 'नक्को' आहे, 'काय करते आहेस'चं 'काय करूलालीस' आहे. अफझलगंजच्या मोठ्या लायब्ररीतून मी गोष्टींची पुस्तकं आणायची आणि दुपारी मुलं झोपली की तिला वाचून दाखवायची. गोष्टी, कोडी, पदार्थांची नावं, माझ्या आईच्या तक्रारी, एवढीच तिची मराठी. दुखलं की ती 'नोप्पी' म्हणायची आणि लाज वाटली की 'सिग्गु'. 'लाज' हा शब्द मी तिला दिलाच नव्हता. माझ्यासमोर लाजायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. आम्ही दोघी मराठीत बोलू लागलो की खोलीतल्या बाकीच्यांना काही कळायचं नाही, आणि मला तेच हवं होतं.

मग तूच का नाही घेतलीस तिला, असं वाचणाऱ्याच्या ओठावर आलं असेल. एकट्या बाईलाही मूल दत्तक घेता येतं, हे मला पाठ होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगायची. माझ्याकडे कारणं भरपूर होती. आई ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी बसलेली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पगार बेताचा. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही मी कधी कुणापुढे मांडून बघितलं नव्हतं, कारण मांडलं असतं तर कुणीतरी त्यावर उपाय सुचवला असता. खरं असं की मला ती संस्थेतच हवी होती. सकाळी नऊला मी आले की तिनं तोंड उजळायचं आणि पाचला मी निघाले की तिनं विचारायचं, 'उद्या येऊलालीस ना?' रात्रीची कूस बदलायला आयम्मा होत्याच. आईपणातली मलई तेवढी मला मिळत होती आणि ती कुणी वाटून घेऊ नये एवढंच माझं म्हणणं होतं.

तर एकदा मॅडमनी तिची माहिती नव्यानं भरायला घेतली. भाषेच्या रकान्यात आधी 'तेलुगू, हिंदी' होतं. मीच म्हणाले, "मराठी लिहा. गोष्टी सांगते ती मराठीत." मॅडमनी लिहिलं. मी तो शब्द तिथं निव्वळ मिरवायला घातला होता.

दोन महिन्यांत मॅडमचा मला निरोप आला की एका जोडप्यानं आपल्या मुलीला निवडलंय. दोघंही पुण्याचे, कॉम्प्युटरच्या नोकरीत, दहाएक वर्षं हैदराबादेत, शहराच्या त्या नव्या टोकाला काचेच्या इमारतींपाशी राहतात. पंचेचाळीस-सत्तेचाळीसचे. मोठं मूल चालेल, अपंग असलं तरी चालेल, असं त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. यादी बघता बघता त्या बाईंना एके ठिकाणी मराठी दिसलं आणि त्या तिथं थांबल्या. मॅडम हसत हसत म्हणाल्या, "तुम्हारी मराठी काम आ गई अम्मा." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे चार महिने थांबलं नाही.

पहिल्या भेटीला त्या बाई आल्या तेव्हा मी त्यांच्यात खोट शोधायला तयारच बसले होते. दागिने असतील, सेंट मारला असेल, मुलीच्या गालाला हात लावून 'बिच्चारी' म्हणतील. त्यातलं काही झालं नाही. सुती कुर्ता, केस आखूड आणि पांढरे व्हायला लागलेले, उंचीनं माझ्या खांद्याला. येताना काही खाऊ आणला नव्हता. मुलीच्या खुर्चीसमोर त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला तुझी माहिती वाचायला दिलीय, पण तुला माझी कुणीच दिली नसेल. काय विचारायचंय?"

मुलीनं विचार केला आणि विचारलं, "तुझी आई काय करूलाली?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. "करूलाली!" त्या म्हणाल्या, "किती गोड बोलतेस गं तू." मला वाटलं, हौ, गोड आहेच, आणि ते माझं आहे. बाईंनी सांगितलं की त्यांची आई पुण्यात असते आणि दिवसभर शेजारणीच्या सुनेला नावं ठेवते. मुलगी हसली. ती हसते तेव्हा अख्खं अंग ताठ होतं आणि खुर्ची मागे सरकते. अनोळखी माणूस ते बघून घाबरतं. बाई घाबरल्या नाहीत, त्यांनी पायानं खुर्चीचं चाक अडवलं आणि त्याही हसल्या. नवरा मागे उभा होता, उंच, अबोल, डोळे भरलेले. मला त्याचाही राग आला.

त्यानंतर ते दर शनिवारी येऊ लागले. आयत्या बिळावर नागोबा, असं मी घरी आईला म्हणाले. दहा वर्षं मी पोरीला एकेक शब्द भरवला आणि ही बाई तयार मराठीवर येऊन बसली. आई म्हणाली, "मग तुला काय, शब्दांचं भाडं पाहिजे?"

सगळ्यात वाईट म्हणजे बाई शिकत होत्या. मला म्हणायच्या, "ताई, तुम्ही लगेच सांगू नका. मला आधी ओळखू द्या." मग दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. मुलगी एक शब्द तीन-तीनदा म्हणायची आणि बाई चुकीचंच काहीतरी ओळखायच्या. माझ्यासमोर मुलीला एक शब्द असा तीनदा कधीच म्हणावा लागला नव्हता, कारण मला पहिल्यांदाच कळायचं. तरी तिला त्याचा कंटाळा येत नव्हता. उलट बाईंचं चुकलं की तिला गंमत वाटायची. मी बाजूला बसून उत्तर गिळायची. एका शनिवारी बाईंना सलग तीन वाक्यं समजली आणि त्या तीन वाक्यांत कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले.

दुसऱ्या एका शनिवारी बाईंनी टेप आणली आणि बाथरूमचे दांडे जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते मोजलं. घरी तसेच बसवायचे होते. मोजताना टेपचं एक टोक माझ्याच हातात होतं.

दत्तकाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या बैठकीत मुलीला विचारतात, या घरी जायचंय का. तिचं उत्तर सांगायला म्हणून मला बोलावलं होतं. माझी सगळी आशा त्या एका प्रश्नावर होती. ती थांबेल, माझ्याकडे बघेल, मग बघू. समितीच्या साहेबांनी विचारलं आणि तिनं 'हौ' म्हटलं ते इतकं खणखणीत की सांगायला माझी गरजच पडली नाही. साहेब हसले. मीही हसले, आणखी काय करणार?

दत्तकाचा अंतिम आदेश यायला वेळ असतो. तोवर मूल त्या घरी सांभाळायला देतात, आणि त्या दिवसांत जमलं नाही तर ते परत येतं. चौदा वर्षांची मुलगी एकदा परत आली की पुन्हा तिच्यासाठी कुणी येईल असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं सांगताना मी स्वतःला सूट देणार नाही.

मॅडमनी मला एक जाड वही दिली. "सब लिखो इसमें. खाना, दवा, कसरत, बाथरूम, सब. घरवालों को कुछ मालूम नहीं." मी आठ दिवस ती वही लिहिली आणि जीव ओतून लिहिली. भात किती मऊ, डाळ किती पातळ, पाणी पिताना हनुवटी कुठं धरायची. कोणत्या गोळ्या, कधी. मांडीचे ताण कसे द्यायचे, चित्रं काढून. कोणती गोष्ट तिला शंभरदा चालते आणि कोणती मध्येच थांबवावी लागते. झुरळाला भीत नाही, पालीला भिते. चाळीस पानं झाली. त्यातलं प्रत्येक पान लिहिताना मला वाटत होतं की वाचणारीला कळू दे, आधी कोण होतं ते.

मग बाथरूमचं पान आलं. तिथं लिहायला खूप होतं. बाथरूमच्या कामाला तिला बाईमाणूसच लागतं, संस्थेचा तसा नियमच होता, आणि बारा-तेरापासून तर पुरुष माणूस दारात उभा असला तरी तिचं अंग आखडायचं. त्या बाबतीतलं ती फक्त तेलुगूत बोलते. आणि तिला उचलावं लागत नाही. कंबरेला ओढणी गुंडाळून धरली की डाव्या पायावर ती सात आकडे उभी राहते. आयम्मा आणि ती मिळून मोजतात, ओकटि, रेंडु, मूडु, आणि सातापर्यंत खुर्चीवरून आत बसवून होतं. एकटी बाई, कितीही बुटकी असो, करू शकते. हे सगळं मला ठाऊक होतं. मी पेन धरून बसले. वाटलं, सगळंच या वहीत गेलं तर मग मला फोन कशाला करतील? काहीतरी राहू दे की जे विचारायला मी लागेन. मी त्या पानावर लिहिलं, 'मदत लागते.' आणि पान उलटलं.

ती गेली त्या दिवशी संस्थेनं तिला नवा ड्रेस घातला, आयम्मांनी गजरा माळला. सगळ्या रडत होत्या. ती रडत नव्हती. गाडीत पुढच्या सीटवर बसायला मिळणार म्हणून तिला आनंद झाला होता. मला म्हणाली, "मावशी, पुढं बसूलाले बघ." मी म्हटलं, बघितलं. पट्टा लावून झाला आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. तिला मान मागे वळवता येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरीपण मला वाटलं, वळवली नाही.

घरी आई म्हणाली, "तोंड का उतरवून बसलीस? पोरीचं भलं झालं की."

"भलं झालं म्हणूनच," मी म्हणाले.

चार दिवस मी फोन उशाशी, ओट्यावर, वर्गात, सगळीकडे घेऊन फिरले. मला पक्कं ठाऊक होतं की अडणार आहे. पहिल्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. मग त्या विचारतील आणि मी तेव्हा समजावून सांगेन, सावकाश, उपकार केल्यासारखं. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. फोन आला नाही तशी मला भीती वाटायच्या ऐवजी राग यायला लागला. म्हणजे अडलंच नाही? माझ्यावाचून निभावतंय? वहीतलं ते पान डोळ्यापुढं येत होतं आणि मी ते बाजूला सारत होते. पोरीला त्रास होत असेल, हे मला त्या चार दिवसांत एकदाही सुचलं नाही, असं म्हणायला मला आवडेल. सुचलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, तुम्ही येऊ शकाल का? ती कालपासून काही खात नाहीये. पाणी तर तोंडाला लावू देत नाही. सारखी रडते. हा तिला उचलायला गेला की नक्को नक्को म्हणते, अंग लाकडासारखं करते. आम्हाला वाटतंय तिला आम्ही नकोय."

मी मॅडमना कळवलं, मेट्रो पकडली, पुढे ऑटो केली. त्या अख्ख्या वाटेत मी खूश होते. दुसरा शब्द नाही.

सतराव्या मजल्यावरचं घर. लिफ्ट इतकी मोठी की खुर्ची आत फिरवता यावी. दाराला उंबरा नव्हता, तो काढून टाकल्याची ताजी खूण फरशीवर दिसत होती. दिवाणखान्यात खिडकीजवळ ती बसली होती. मला बघितलं आणि तिला रडू फुटलं, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. बाईंनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, बघा. बघून घ्या, कुणासाठी रडते ते.

नवरा म्हणाला, "आम्ही तिला दोनदा विचारलं, मावशीला बोलवू का म्हणून. तर तोंड फिरवलं. तुम्ही पाठवलंत म्हणून रुसली असेल तुमच्यावर." ते रुसणंही मला गोड लागलं. मग तो थांबून म्हणाला, "आम्हाला जबरदस्ती करायची नाहीये. तिला तिकडंच बरं वाटत असेल तर आम्ही मॅडमना तसं…"  बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या आणि दोघं माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणते त्यावर सगळं होतं. नुसती मान हलवायची होती. हौ, तिला परत यायचंय. तिचं बोलणं पुरतं मलाच कळतं, मला खोटं कोण पाडणार होतं?

टेबलावर माझी वही होती. बाईंनी तिच्यात रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, प्रत्येक पानावर, जेवणाची पिवळी, औषधांची गुलाबी. 'मदत लागते' ते पान उघडं होतं. त्या दोन शब्दांपुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कशी? विचारायचं.' आणि मग त्यांनी मला विचारलं नव्हतं. ती जाताना मी कशी तोंड वाकडं करून बसले होते, ते आठवून त्यांना विचारायचा धीर झाला नसेल.

मी तिच्यासमोर बसले. जवळून बघितलं तेव्हा तिचे ओठ दिसले. फुटले होते, कडेला रक्त सुकलं होतं. मी तेलुगूत विचारलं, "एमैंदि रा?" काय झालं गं?

"सिग्गु," ती म्हणाली.

मग ती बोलत सुटली, तेलुगूत, हुंदके देत, आणि मला एक शब्द दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. बाथरूमला न्यायला तो तिला उचलतो. चांगला आहे तो, हळू उचलतो, पण तिला लाज वाटते. बाईंना उचलणं झेपत नाही म्हणून तोच येतो, बाई मागून येतात. नक्को म्हटलं तर त्याचं तोंड पडतं. सांगायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही, जेवायचं नाही, म्हणजे जावं लागणार नाही. त्यांच्याकडे काम करणारी बाई तेलुगूच होती, पण हिचं बोलणं कळायला कान तयार लागतो, आणि तो तयार करायचं मी कुणाला शिकवलं नव्हतं.

मी बाईंना सगळं सांगितलं. ओढणी मागितली, तिच्या कंबरेला कशी गुंडाळायची ते दाखवलं, डाव्या पायाला आधार कुठं द्यायचा ते दाखवलं. बाईंनी दोनदा हवेत करून बघितलं. मोजायचे आकडे एका कागदावर लिहून घेतले. मग मुलीला म्हणाल्या, "'लाज' हा शब्द मीच तुला आधी सांगायला हवा होता, नाही का? चल, आपण दोघीच." खुर्ची बाथरूमपाशी गेली. मी सवयीनं आत निघाले तर बाईंनी दार आतून लावून घेतलं. दांडे बरोबर त्याच उंचीवर बसवले होते, दार बंद होताना मला दिसले.

बाहेर मी आणि तो. आतून मोजणं ऐकू येत होतं, बाईंचे उच्चार सगळे चुकलेले, तिचे जड. पाचावर दोघी अडखळल्या, हसल्या, सातापर्यंत गेल्या.

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "चौदा वर्षांची मुलगी आहे. मी मूर्खासारखा उचलत राहिलो."

"तुम्हाला कुठून कळणार? मी लिहिलंच नाही."

"राहून गेलं असेल. एवढं सगळं लिहिलंत तुम्ही."

"राहून गेलं नाही," मी म्हणाले.

 तो स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या भरून घेऊन आला.

ती बाहेर आली आणि दोन भांडी पाणी प्यायली. बाईंनी हनुवटी वहीत लिहिल्याप्रमाणे धरली होती. मग वरण-भात मागितला. बाई भरवत होत्या, मी समोर बसले होते, आणि मला अजूनही काहीतरी हवं होतं. एवढं झाल्यावरही. निदान ती माझ्यावर रुसली होती, एवढं तरी मला घरी न्यायचं होतं. म्हणून मी मराठीत विचारलं, "दोनदा विचारलं म्हणे तुला. मग मला का नाही बोलावलंस गं?"

तिनं घास गिळला. एकेक शब्द यायला वेळ लागला.

"तू मला परत नेशील म्हणून."

मला पहिल्यांदाच कळलं. बाईंना कळलं नाही. चमचा तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, नवऱ्यानंही बघितलं. "काय म्हणाली?"

मुलगी पण माझ्याकडेच बघत होती. मी काय सांगते ते ऐकायला ती थांबली होती.

"मला बोलावलं तर मी तिला परत घेऊन जाईन, अशी तिला भीती वाटत होती," मी म्हणाले. मग तिला विचारलं, "बरोबर सांगितलं?"

"हौ," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड त्यांच्याकडे वळवलं.